धोंडा कोणी लोटला?

"सही कुठं करू?" डॉ. थर्मन ब्रॉडनॅक्सनी विचारलं.

"खाली, तुमच्या नावाशेजारी," लव्हिनिया टॉलिव्हर म्हणाली. मनात म्हणाली, कर बाबा, स्वतःच्या हातानं कर.

अलाबामातलं मॅकलिन कॉलेज काळ्यांनी काळ्यांसाठी उभं केलेलं. ब्रॉडनॅक्स त्याचे अध्यक्ष, आणि लव्हिनिया तिथलं अभिलेखागार सांभाळायची. अभिलेखागार कसलं, गळक्या पाइपाखालचं तळघर! आता उत्तरेतली एक संस्था अशा कॉलेजांना अनुदान देणार होती, त्याच्याच अर्जावर ही सही. कोरडी हवा, नवी कपाटं आणि ओल लागलेल्या टेपा वाचवायची भट्टी. काम झालं की ते लोकांपुढं मांडायचं, ही संस्थेची अट होती. लव्हिनियाला तर तेवढंच हवं होतं.

"काय सिस्टर, धोंडा कोणी लोटला?" पेन खिशात टाकत ब्रॉडनॅक्स हसले.

तीही हसली. दातांनी.

गावाची ही जुनी थट्टा. ईस्टरला चर्चमध्ये प्रत्येक मुलानं पाठ केलेल्या ओळी म्हणायच्या, अशी रीत. सहा वर्षांच्या लव्हिनियाच्या वाट्याला आलं होतं, "येशूच्या थडग्यावरचा धोंडा कोणी लोटला? देवाच्या दूतानं लोटला." पोरीनं छाती पुढं काढून ठणकावलं, "माझ्या बाबांनी लोटला!" अख्खं चर्च पोट धरून हसलं, बाबांनी तिला खांद्यावर घेतलं. मग काय विचारता! ती दिवसभर घरात तेच ओरडत फिरायची.

त्याच आठवड्यात बाबा गेले.

एझ्रा टॉलिव्हर काळ्या माणसांची नावं मतदारयादीत घालायचे. त्या रात्री ते जुन्या पुलावरून जाणार, हे घराबाहेर एकालाच ठाऊक होतं. त्यांची गाडी चालवणारे ब्रॉडनॅक्स, चर्चचे डीकन म्हणजे कारभारी, थर्मनचे वडील. शेरीफची माणसं पुलावर दबा धरून बसलेली. डीकन जिवंत परतले, एझ्रा परतले नाहीत. कुणीतरी फोन करून कळवलं होतं, एवढं गावाला कळलं. कुणी, ते सांगायची गरज कुणाला वाटली नाही. चर्चमध्ये डीकनच्या बाकावर पुन्हा कोणी बसलं नाही.

आणि आता त्या शेरीफच्या नातीनं, लाज वाटून म्हणा, आजोबांच्या माळ्यावरचं एक खोकं कॉलेजच्या दारात आणून ठेवलं होतं. शेरीफ येणारे फोन टेप करून ठेवायचा. एका चकतीवर लिहिलं होतं, 'टॉलिव्हर, पूल'.

अनुदान आलं, भट्टीही आली.

"टेपा भाजतात म्हणे?" केकचं पीठ घोटताघोटता आईनं विचारलं. ओझेला टॉलिव्हर नव्वदीला टेकली होती, पण रविवारचा केक चुकला नव्हता.

"मंद आचेवर, ममा. ओल गेली की वाजते."

"भट्टीत केक भाजावा गं. मेलेली माणसं कशाला भाजतेस?"

"साठ वर्षं जळतेय मी! त्या माणसाचं नाव त्याच्या पोराच्या तोंडावर मारल्याशिवाय मी मरायची नाही."

"डीकनची बायको तेव्हा वर्षभर आपल्या दारात जेवण ठेवून जायची."

"आणि तू ते खाल्लंस! पापाचं अन्न!"

"तुला भूक लागायची, लव्ही," आई म्हणाली. मग तिनं पीठ साच्यात ओतलं. म्हणाली, "माझी जांभळी टोपी काढून ठेव. मी येणार आहे."

तंत्रज्ञानं बजावलं होतं, टेप इतकी सडलीय की एकदाच वाजेल. लव्हिनियानं ती आधी ऐकली नाही. उद्या कुणी म्हणायला नको, हिनं कापाकापी केली म्हणून. वाजेल ती सगळ्यांपुढंच वाजेल.

संस्थापक दिनाला कॉलेजचं चॅपल खचाखच भरलं. म्हाताऱ्या बायका पंख्यानं वारा घेत बसल्या होत्या. पहिल्या रांगेत ब्रॉडनॅक्स, पलीकडं जांभळी टोपी.

"सिस्टर," ब्रॉडनॅक्स हळूच म्हणाले, "मलाही ऐकायचंय. 'मी नव्हतो रे' म्हणतच गेला माझा बाप."

"आता कळेलच की," लव्हिनिया म्हणाली आणि तिनं कळ दाबली.

खरखर. मग शेरीफचा जाड आवाज, "बोला." आणि त्यावर एक दबकी कुजबुज. बाईची की पुरुषाची, सांगता येईना.

"एझ्रा आज रात्री जुन्या पुलावरून जाणार आहे."

चॅपलमधले पंखे थांबले.

"मारू नका त्याला. दोन-चार दिवस आत ठेवा, म्हणजे डोकं ठिकाणावर येईल. शब्द द्या मला."

"दिला," शेरीफ म्हणाला.

ब्रॉडनॅक्सनी तोंड हातांत लपवलं. लव्हिनियानं त्यांच्याकडं डोळे भरून पाहिलं. आहाहा! काळीज गार झालं तिचं. भोग म्हणावं, बापाचं पाप.

टेप चालूच होती. कुजबुजीच्या मागून, दुसऱ्या खोलीतून यावा तसा, एका पोरीचा कोवळा आवाज आला, अगदी घसा फोडून.

"धोंडा कोणी लोटला? माझ्या बाबांनी लोटला!"

मागच्या बाकावरचं एक म्हातारं सवयीनं फिसकन हसलं.

"शू! गप गं, लव्ही," कुजबुज म्हणाली. "ममा फोनवर बोलतेय ना."