तव्यावरचा रेडिओ

माझी नात राजनंदिनी हिचा पैठणला पहिलाच कार्यक्रम, आणि ऐन वेळी तिच्या इलेक्ट्रिक गिटारचा पिन खोचायचा जॅक निखळला. आमच्या गुलमंडी बाजारातला गिटार दुरुस्त करणारा मेकॅनिक गावाला गेलेला. मी म्हणालो, "आण इकडं! या हातांनी तव्याला वायर जोडून रेडिओ वाजवलाय."

"आबा, लई झाल्या तव्याच्या थापा," म्हणत तिनं नाइलाजानं गिटार दिली. मी वायरी सोल्डर केल्या. कुठली कुठं, ते विचारू नका.

स्टेजवर तिनं पिन खोचली, तर तार छेडायच्या आत स्पीकर बोलला, "शेतकरी बंधूंनो, सिल्लोडला मक्याची आवक वाढली..."

लोक हसून लोळले. राजनंदिनी माईकवरूनच ओरडली, "आबा, म्हणजे तवा खरंच वाजला होता?"



काय सांगू, आजपर्यंत माझासुद्धा त्या तव्यावर विश्वास नव्हता.