तहाची मिठी

स्पेनमधल्या आमच्या ओसाड माळावर अमेरिकेतल्या लढायांच्या सिनेमाचं शूटिंग चाललं होतं. डोक्यात पिसं खोवून रेड इंडियन सरदार झाला होता आमचा मेंढपाळ सिप्रियानो. घोडदळाचा कप्तान झाला होता निवृत्त सार्जंट बाल्तासार. यादवी युद्धात सिप्रियानोच्या भावाला घरातून उचलून नेलं होतं, ते यानंच.

"तह झाला! आता मारा मिठी!" दिग्दर्शक ओरडला.

मिठीत सिप्रियानो पुटपुटला, "सार्जंटसाहेब, आता तरी सांगा. त्याला कुठं पुरलंत?"

"उभा आहेस तिथंच. हास मुकाट्यानं, सगळे बघतायत."

सिप्रियानो मटकन खाली बसला आणि दोन्ही हातांनी माती उकरू लागला.

"हे आपण लिहिलं नव्हतं," दिग्दर्शक खूश होऊन कुजबुजला, "पण कॅमेरा थांबवू नका."