आणखी दोन बाटल्या, ताबडतोब

रक्तपेढीतल्या ताईंनी आपली खुर्ची कॉम्प्युटरवाल्याला दिली आणि त्या स्वतः फ्रीजला टेकून उभ्या राहिल्या. "बसा," म्हणाल्या. एवढंच. नाहीतर तो आला की आधी चार शब्द सुनवायच्या आणि मग चहाचं विचारायच्या.

तो बसला. पडद्यावर एक करडी चौकट उघडलेलीच होती. केस गळतायत? महिन्याभरात दाट केस. त्याने ती बंद केली. तिच्याखाली दुसरी होती. घरबसल्या पदवी मिळवा. तीही बंद केली, तर तिसरी म्हणत होती, तुमचा कॉम्प्युटर धोक्यात आहे.

दीड महिना हे चाललं होतं. हॉस्पिटलातले सगळे कॉम्प्युटर एकमेकांना जोडलेले. वॉर्डातून किंवा ऑपरेशन थिएटरमधून कुणी निरोप टाइप केला की रक्तपेढीच्या पडद्यावर अशीच छोटी चौकट उमटायची. फोन लागो न लागो, निरोप पोचायचा. बाहेरच्या कुणीतरी नेमकी तीच वाट हुडकून जाहिराती आत सोडल्या होत्या. ताईंनी त्याला पाच वेळा फोन केला होता. पहिल्यांदा हसत होत्या. "अहो दादा, अख्ख्या रक्तपेढीला टक्कल पडलंय अशी त्या मेल्याची समजूत झालीय. या की जरा." पाचव्यांदा हसल्या नव्हत्या. "दिवसाला दीडशे येतात हो. डोकं उठतं माझं."

"उद्या येतो, ताई," तो दरवेळी म्हणाला होता. फसवायचं काही त्याच्या मनात नव्हतं. त्याच्याकडे आणखी अकरा ऑफिसं होती, आणि कुठे ना कुठे याहून मोठं काहीतरी बंद पडलेलं असायचंच. "तोवर येईल ती चौकट बंद करत जा. काही होत नाही त्याने."

मंगळवारी दुपारी एका गवंड्याला आणलं. परांचीवरून पडला होता. दोन बाटल्या रक्त लगेच गेलं, ते पुरेना. थिएटरमधून फोन लावला तर रक्तपेढीची लाइन अडकलेली. म्हणून तिथल्या सिस्टरने निरोप टाइप केला, आणखी दोन बाटल्या, ताबडतोब. चौकट ताईंच्या पडद्यावर उमटली आणि ताईंनी ती बंद केली. त्यांना ते आठवतही नव्हतं. निरोपांची नोंद काढली तेव्हा कळलं. थिएटरमध्ये सगळे समजत होते, बाटल्या निघाल्या असतील. शेवटी सिस्टर स्वतः धावत आली, तोवर बारा मिनिटं गेली होती.

वेळेवर रक्त मिळालं असतं तरी तो वाचलाच असता असं सांगता आलं नसतं, असं डॉक्टर म्हणाले. गवंड्याच्या भावाला म्हणाले, ताईंनाही म्हणाले. भाऊ मान हलवत ऐकून घेत होता. त्याच्या हातात सिमेंट वाळलेल्या दोन चपला होत्या. "ह्या घरी न्यायच्या का?" एवढंच त्याने विचारलं.

हे सगळं कॉम्प्युटरवाल्याला आज सकाळी फाटकावरच्या रखवालदाराने सांगितलं होतं. ताई त्याबद्दल अवाक्षर बोलल्या नाहीत.

त्याने बाहेरून येणारी वाट बंद केली, आतली तशीच ठेवली. चौकटी यायच्या थांबल्या. पडद्याच्या कोपऱ्यातल्या घड्याळाकडे त्याची नजर गेली. चार मिनिटं झाली होती.

आता उठायला हरकत नव्हती. पण त्याच्याने उठवेना. त्याने उगाच एक यादी उघडली, खालपर्यंत वाचली, मिटली. मग दुसरी उघडली. कपाळाला आठ्या घालून काहीबाही टाइप केलं आणि पुसलं. टेबलाखाली वाकून वायरी हलवून पाहिल्या. अर्धा तास असा काढला. मागे फ्रीज घुरघुरत होता आणि ताई उभ्याच होत्या.

मग त्याने बॅगेतला आपला छोटा कॉम्प्युटर काढून भिंतीतल्या वायरीला जोडला. "एक निरोप पाठवून बघतो, ताई. तुम्ही इकडे या."

ताई पुढे आल्या. चौकट उमटली. ताईंचा हात सरळ माउसवर गेला आणि चौकट नाहीशी झाली.

दोघंही मोकळ्या पडद्याकडे बघत राहिले.

"काय लिहिलं होतं?" ताईंनी हळूच विचारलं.

"पुन्हा पाठवतो."

या खेपेला त्यांनी दोन्ही हात पांढऱ्या कोटाच्या खिशात घातले. पहिलीत बसलेल्या पोरीसारखं एकेक अक्षर लावत त्यांनी मोठ्याने वाचलं. "ताई, हा माझा निरोप." मग म्हणाल्या, "आला."

त्याने वायर गुंडाळली, बॅगेत टाकली. बॅगेची चेन मध्येच अडकली. ती ओढत तो खाली बघून उभा होता, तेव्हा ताईंनी विचारलं, "फार अवघड होतं का हो हे?"

त्याने वर पाहिलं नाही. "हो, ताई. बरंच अवघड होतं."

"तरीच," ताई म्हणाल्या. "सोपं असतं तर तुम्ही कधीच आला असतात."