आधी हिच्यावर करून दाखव

"मी पडलो नाही, घसरलो," आग्नेल सर तिसऱ्यांदा म्हणाले. "दोन वेगळी क्रियापदं आहेत."

"बघितलंत ना, डॉक्टर? हे असं चालतं," प्रिस्का म्हणाली.

महिन्यापूर्वी गिरीजच्या वाडीत केळींना पाणी सोडताना सर पाटाच्या कडेला आडवे झाले होते. तेव्हापासून लेकीने एकच धोशा लावला होता. घराला कुलूप घालायचं, वाडी शेजारच्या क्लेमेंटला कसायला द्यायची आणि पप्पांनी एव्हरशाईन सिटीत तिच्या फ्लॅटवर राहायला यायचं. फ्लॅटवर ती एकटीच होती, एक खोली तिने रंगवूनही ठेवली होती. सरांच्या मते फ्लॅट म्हणजे जिथून दुसऱ्याची खिडकी दिसते अशी खिडकी. शेवटी बापलेकीचा तह झाला. डॉक्टर म्हणतील ते दोघांनी ऐकायचं.

डॉक्टर म्हणजे जूचंद्रचा जितेश, मेंदूच्या आजारांचा डॉक्टर आणि सरांचा जुना विद्यार्थी. म्हणूनच तो रविवारी सकाळी घरी आला होता. आल्या आल्या तो दारातल्या चपलांपाशी जरा रेंगाळला. प्रिस्काच्या उजव्या सँडलचं टोक झिजलं होतं, तिच्या शेजारी त्याने आपले बूट नीट लावले.

"वर्गाबाहेरही असेच लावायचास," सर खूश होऊन म्हणाले.

"सवय तुमचीच, सर. आधी जरा पानी मिळेल?"

"पाणी!" सर गरजले. "पाचवीत शंभर वेळा लिहून घेतलं होतं तुझ्याकडून."

"लिहिताना येतो हो ण. बोलताना आईचाच न येतो."

सर हळूच म्हणाले, "तेव्हा मारलं तुला त्यापायी. चुकलंच माझं. आता ते पानी ऐकलं की अख्खा वर्ग डोळ्यांसमोर उभा राहतो बघ."

जितेशने पाणी पिऊन बॅगेतून रबरी हातोडी काढली. ती बघताच सरांनी दोन्ही पाय खाटेवर ओढून घेतले.

"आधी हिच्यावर करून दाखव. मग मला."

"पप्पा, लहान आहात का तुम्ही?" प्रिस्का म्हणाली. तरी ती हसत खाटेच्या काठावर बसली. पाय लोंबकळत सोडले. जितेशने उजव्या गुडघ्याखाली टक् केलं. पाय असा उडाला, की स्टुलावरचा पेला खाली गेला.

"अगं, डॉक्टरला मारशील!"

"माझं वय झालेलं नाही अजून, पप्पा," ती ऐटीत म्हणाली.

मग जितेशने तिला पाय लांब करायला सांगितले आणि हातोडीच्या दांड्याच्या टोकाने उजव्या तळव्यावर टाचेपासून वरपर्यंत एक रेघ ओढली. पायाचा अंगठा सावकाश वर उठला, बाकीची बोटं फाकली.

सर टाळी वाजवून हसले. "तान्ही होती तेव्हाही अगदी अशीच करायची! मी शाळेतून आलो की हिच्या तळव्यावर बोट फिरवायचो आणि अंगठा अस्सा वर. हिची आई ओरडायची, आधी हातपाय धुवा म्हणून. एवढासा पाय होता, माझ्या मुठीत मावायचा." प्रिस्का बापाकडे बघत राहिली. तिला वाटलं, याच आठवणी फ्लॅटवरही सांगता येतील की.

जितेशने तीच रेघ पुन्हा एकदा ओढली. अंगठा पुन्हा वर गेला.

"आता तुमची पाळी, सर. मोजे काढा."

सरांनी उजवा पाय पुढे केला. डावा मागायची वेळ आली तेव्हा मात्र ते अडून बसले. "एकच पाय देतात."

"कुठे?"

"देवळात, पवित्र गुरुवारी. बारा जणांचे पाय धुतात फादर. एके वर्षी त्या बारांत मी होतो. आदल्या रात्री मी दोन्ही पाय घासघासून धुतले आणि फादरनी धुतला एकच. डाव्याचे कष्ट फुकट गेले."

प्रिस्काने कपाळाला हात लावला. "आता कुठलं काय आणि कुठलं काय! हे असंच होतं, डॉक्टर. हल्ली सगळी सरमिसळ करतात."

जितेशने हसत डावा पाय मागून घेतला. सरांचे गुडघे ठोकले तेव्हा पाय जेमतेम हलले. प्रिस्काने ते बरोबर टिपलं. तळव्यावर रेघ ओढली तेव्हा सरांची बोटं मुकाट्याने खाली वळली. मग सरांनी डोळे मिटून नाकाला बोट लावलं, शंभरातून सात सात वजा केले, सरळ रेषेत चालूनही दाखवलं.

"सांगा," प्रिस्का म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते. "मी दुष्ट नाही, डॉक्टर. त्यांना ही वाडी सोडायला लावताना मलाही त्रास होणार आहे. पण रोज ऑफिसात बसून माझा जीव इथे टांगलेला असतो. पप्पांना एकटं ठेवता येईल का, तेवढंच सांगा."

सर खिडकीबाहेर केळींकडे बघत होते. त्यांनी मान वळवली नाही.

जितेश हातोडी बॅगेत ठेवून खाटेवर दोघांच्या मध्ये बसला.

"सर, तान्ह्या बाळाचा अंगठा वर जातो. पोर चालायला लागलं, की तो खाली वळू लागतो. मग जन्मभर खालीच वळायला हवा." त्याने सरांचा हात हातात घेतला. "तुमचा वळतो. तुम्ही खुशाल इथे राहा. प्रिस्काताईंच्या मेंदूचा आणि मणक्याचा एमआरआय मी उद्याच करून घेतो. तोवर त्यांना एकटं ठेवू नका."