पाठीमागचा डंपर

"साहेब, तुमाला गाडीचा नंबर सापडायला नगोय. तो दिसू नये म्हनूनच तुमी फोटो बघताय," जाईबाई म्हणाली.

तहसील कचेरीतल्या टेबलापलीकडच्या साहेबाने मान वर केली नाही. फोटो खिडकीकडे धरला, डोळ्यांजवळ नेला, पुन्हा लांब धरला. त्याला शोधल्याचं सोंग करायचीही गरज नव्हती. फोटोत खरंच नंबर नव्हता. आणि त्या खोलीत ही गोष्ट सगळ्यांत चांगली माहीत होती ती स्वरूपला. फोटो त्याने काढला होता.

मोठा फोटो, चकचकीत कागदावर. जाईबाईचा चेहरा असा की भुवईचा एकेक केस मोजून घ्यावा. कपाळावरचं गोंदण, डोळ्यांच्या कडेला साचलेली धूळ, सगळं जागच्या जागी. आणि तिच्या मागे, जिथे वस्तीची मसणवट उकरून मुरूम डंपरमध्ये भरत होते, तिथे एक पिवळा डाग. डागाभोवती झाडं गरगर फिरल्यासारखी. डंपरचे दिवे म्हणजे दोन बुडबुडे.

विंझरच्या अलीकडे जाईबाईची वस्ती. तिथे मेलेलं माणूस पुरायची चाल आहे. निम्मी मसणवट मुरूम होऊन रस्त्यावर पसरली होती, लोक तिच्यावरून गाड्या नेत होते. उरलेल्या निम्म्यात जाईबाईचा थोरला होता, अजित. उकरत उकरत मशीन त्याच्यापासून चार हातांवर आलं होतं. वस्तीने पहिला अर्ज केला तेव्हा याच साहेबाने विचारलं होतं, गाडी कुणाची? मोबाईलच्या फोटोत काही कळत नाही, चांगल्या कॅमेऱ्याचा फोटो आणा. म्हणून जाईबाईने भोरला स्वरूपला फोन केला. तिच्या भाचीचं, वनिताचं लग्न त्यानेच शूट केलं होतं. तो हातातलं काम टाकून आला, हेही खरं.

येताना कॅमेऱ्याला जुनी लेन्स लावून आला. रशियन, रिळाच्या काळातली, वयाने त्याच्या बापापेक्षा मोठी. पुण्याच्या जुन्या बाजारात मिळालेली. मध्ये एक जोड बसवला की ती डिजिटल कॅमेऱ्याला लागते. फोकस हाताने करायचा. उजेडाचं भोक पूर्ण उघडं ठेवलं तर समोरचा माणूस कोरल्यासारखा येतो आणि मागचं सगळं लोणी होतं. या लोण्याला गिऱ्हाईक आहे. लग्नाआधीचे फोटो काढायला येणारी पोरं त्याच लेन्सचा हट्ट धरतात.

नवी लेन्स त्या दिवशी बॅगेत होती. तीही जाऊ दे. जुनीचंच भोक बारीक करायची कडी चार खटके फिरवली असती तर मागचा डंपर नंबरासकट उमटला असता. त्याची बोटं कडीवरच होती. पण चारचं ऊन जाईबाईच्या गालावर आलं होतं आणि बोटं हलली नाहीत.

भोरला पोचायच्या आत त्याने फोटो मोबाईलवरून जगाला दिसेल असा टाकलासुद्धा. खाली लिहिलं, माती आणि माय. शेकडो लोकांनी हात जोडले. कुणी रडलं. कितीतरी जणांनी विचारलं, दादा, लेन्स कुठली? डंपर कुणाचा, हे एकानेही विचारलं नाही. आणि त्यानेही कुणाला सांगितलं नाही. लेन्सचं नाव मात्र एकेकाला कळवलं.

साहेबाने फोटो खाली ठेवला आणि दुसरी फाईल उघडली. कंत्राटदाराचाही अर्ज आला होता. वस्तीतल्या एका बाईने गाडीसमोर येऊन कामात अडथळा आणला, अशी तक्रार; गाडी भाड्याची म्हणून तिचा नंबर त्यातही नव्हता. पुरावा म्हणून जोडलेला कागद साहेबाने त्यांच्याकडे फिरवला. तोच फोटो. मोबाईलवरून उचलून छापलेला, खाली माती आणि माय हे शब्दही तसेच.

"यात बाई मात्र ओळखू येते," साहेब म्हणाला.

जाईबाईने दोन्ही कागद शेजारीशेजारी ठेवून पाहिले. दोन्हीकडे तीच होती, दोन्हीकडे लख्ख.

साहेब तसा वाईट बोलत नव्हता. समजावत होता. फोटोचं राहू द्या, म्हणाला. हा माणूस त्या वेळी तिथे हजर होता ना? त्याने नंबर डोळ्यांनी पाहिला असेल तर तेवढं पुरे, मी आत्ता जबाब लिहून घेतो आणि आजच काम थांबवायची नोटीस काढतो. नसेल पाहिला तर अर्ज निकाली काढावा लागेल. मशीन उद्या सकाळी परत लागणार आहे.

स्वरूप वस्तीवर अर्धा तास होता. अर्धा तास त्याचा डोळा कॅमेऱ्याला होता, आणि कॅमेऱ्यातून पाहतानाही मागे पिवळा डागच दिसत होता, मऊ, सुंदर. त्या डागाला चाकं आहेत, पाटी आहे, ती पाहायला त्याने एकदाही कॅमेरा खाली घेतला नव्हता.

"मावशी, ती लेन्स जुनी आहे ना," तो म्हणाला, "त्यात मागचं असंच येतं."

"लेन्सचं ऱ्हाऊ दे." जाईबाई त्याच्याकडे वळली. आवाज चढला नव्हता. "मला आकडं वाचता येत्यात. म्या डंपरम्होरं पळत गेले तवा धुरळ्यात काय दिसलं न्हाई. धुरळा खाली बसला, तर तू म्हनलास, मावशी, हिकडं तोंड करा, उजेडाकडं. म्या केलं. माझी पाठ हुती डंपरला. तुझं तोंड हुतं."

साहेबाने पेनाचं टोपण काढलं.

"सांग त्यांना. नंबर काय हुता?"