उजवीकडे म्हणजे कुणाच्या?

“डावीकडे… नाही, नाही. उजवीकडे. थांब!”

सिग्नल देणाऱ्या काकांना पुढचा शब्द सापडेना. छताच्या भोकातून खाली उतरणारं चौदा टनांचं यंत्र खांबाला घासलं, कलंडलं आणि भिंतीकडे सरकलं. मधे फिटर उभा होता. त्याला बाजूला व्हायची सवडच मिळाली नाही. यंत्राची कड त्याच्या छातीवर टेकली. तो ओरडला नाही. ओरडायला छातीत हवा लागते.

साइटची इन्चार्ज बाई दहा पावलांवर होती. शेजारी मुख्य कचेरीतून काम पाहायला आलेले साहेब.

क्रेन भिंतीपलीकडे होती. चालकाला आतलं काही म्हणता काही दिसत नव्हतं. काका वॉकीटॉकीवर सांगतील तसं तो हलवणार. आणि काका आज चाचपडत होते. साइटवर पाच देशांची माणसं. वॉकीटॉकीवर सगळ्यांनी फक्त कंपनीची भाषा बोलायची, हा नियम बाईनेच काढला होता. काका आणि चालक एकाच गावचे, आपसात आपल्याच भाषेत बोलतात, म्हणून कालच तिने दोघांच्या हातात लेखी ताकीद ठेवली होती.

“उजवीकडे म्हणजे तुमच्या की माझ्या?” वॉकीटॉकीतून चालकाने विचारलं.

काकांनी हाताने दाखवलं; भिंतीपलीकडून चालकाला ते दिसणार नव्हतं. फिटरचे ओठ काळेनिळे पडू लागले होते.

“काका, तुमच्या भाषेत सांगा त्याला!” बाई ओरडली.

काकांनी आधी तिच्याकडे पाहिलं, मग साहेबांकडे. “मॅडम, पण माझी नोकरी…”

“नोकरीचं मी बघते. बोला!”

“थांबा जरा,” साहेब म्हणाले. “यंत्राला बांधलेले दोर धरून चार माणसं उभी आहेत. हा काय सांगतोय हे त्यांना कळणारच नाही. तेही चिरडले जातील.”

बोलणं खोटं नव्हतं. नियम काढताना बाईने हेच कारण लिहिलं होतं. तिने दोन्ही हात हवेत फेकले. “दोर सोडा! मागे व्हा! सगळे मागे!” चौघे मागे हटले.

मग काका बोलू लागले. हळू आवाजात, न अडखळता, बिथरलेल्या जनावराला चुचकारावं तसे. पलीकडून चालकाचा हुंकार येत होता. बाईला एक अक्षर कळत नव्हतं. ती नुसती यंत्राच्या कडेकडे पाहत राहिली.

कड हलली, ती आणखी भिंतीकडे. फिटरचे डोळे पांढरे झाले. “अहो, काय करताय!” साहेब किंचाळले. बाईने हात आडवा धरून त्यांना अडवलं. काकांचा सूर बदलला नाही. यंत्र खांबापासून सुटलं आणि कड बोटभर वर गेली. मग वीतभर मागे आली. दोघांनी फिटरला बखोटीला धरून बाहेर ओढलं. त्याने घेतलेला पहिला श्वास साऱ्या शेडमध्ये ऐकू आला.

रुग्णवाहिका त्याला घेऊन गेली. तिच्यातले डॉक्टर म्हणाले, दोन बरगड्या गेल्यात, जिवाला धोका नाही. काका जमिनीवरच बसले होते.

भिंतीला वळसा घालून चालक आत आला. चेहरा चुन्यासारखा पांढरा पडलेला. त्याने काकांना हात देऊन उठवलं आणि मग बाईकडे वळून, तिच्या डोळ्यांत पाहत, आपल्या भाषेत बोलू लागला. काकांनी मान खाली घातली.

“काय म्हणतायत ते?” बाईने विचारलं.

कंपनीच्या भाषेतले शब्द जुळवायला काकांना वेळ लागला. “आभार मानतोय, मॅडम. तुमचे.”

“एवढंच?”

“एवढंच.”

चालक अजून बोलतच होता.