न ऐकलेलं

शिंपी खुर्चीवर बसला, दार नीट लागलंय ना ते पाहिलं आणि म्हणाला, "डॉक्टर, ताई झोपली ना, की माझ्या मनात..."

"थांबा." डॉक्टरांनी हात वर केला. "आधी सांगा, झोप कशी आहे?"

शिंपी गोंधळला. याच डॉक्टरांनी आजवर त्याच्या तोंडून एकेक शब्द काढून घेतला होता. मनात येईल ते बोला, असं तेच तर सांगायचे. पण ते कालपर्यंतचं. काल डॉक्टर कोर्टातून निर्दोष सुटले होते. त्यांच्या एका पेशंटने बायकोचा जीव घेतला होता, आणि तसा बेत तो डॉक्टरांपाशी आधीच बोलला होता हे कुणाला सिद्ध करता आलं नाही. बोलला होता, चांगला दोनदा. वकिलाने पाठ थोपटत कानमंत्र दिला, यापुढे ऐकायचंच नाही. जे ऐकलं नाही, त्याचा जाब कोण मागणार?

"झोप कुठली?" शिंपी म्हणाला. "भीती वाटते हो, माझ्या हातून ताईला..."

"गोळी वाढवून देतो." डॉक्टरांनी मान खाली घालून चिठ्ठी लिहिली. स्वतःची लाज वाटली त्यांना, पण पेन काही थांबलं नाही.

बाहेर बाकावर ताई बसली होती. मांडीवर पिशवी, पिशवीत कापडात गुंडाळलेली कात्री. ती याच्या हाती लागू देऊ नका, असं डॉक्टरांनीच तिला मागे, कारण न सांगता, बजावलं होतं. तेव्हापासून ती जाईल तिथे कात्री बरोबर नेई. दुकान बंद पडलं, गिऱ्हाइकं तुटली, तरी तिने हूं की चूं केलं नव्हतं.

"मनातलं सगळं बोललास ना?" तिने भावाला विचारलं.

शिंप्याने दारात आलेल्या डॉक्टरांकडे पाहिलं. मग होकारार्थी मान हलवली.

"मग डॉक्टर, आता देऊ का याची कात्री याला?"

नको म्हणावं, तर का ते सांगावं लागणार. आणि का ते सांगितलं, की आपण ऐकलं होतं हे कबूल केल्यासारखंच.

"तुमचं तुम्ही ठरवा," डॉक्टर म्हणाले आणि त्यांनी घाईने पुढच्या पेशंटला आत बोलावलं.

ताईचा चेहरा उजळला. बंद होत चाललेल्या दाराला हात जोडून तिने कापड सोडलं आणि कात्री भावाच्या हातात ठेवली.

"पडून पडून बोथट झाली असेल रे," ती म्हणाली. "जाताना धार लावून घेऊ."